कागदी तोटा

बिटको चौकात मिसळीच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून गेलं की धात्रकचं ऑफिस.
चार खुर्च्या, दोन स्क्रीन
आणि एक भाषा,
जी मला साठी उलटल्यावर शिकावी लागली.

पडलं, असं इथे कुणी म्हणत नाही.
करेक्शन आलं म्हणतात.
म्हणजे दुरुस्ती. चूक कुणाची होती
ते दुरुस्त करणारा सांगत नाही.
फसलो, असंही नाही.
मोगल सर महिनाभरासाठी घुसले होते एका साखरेच्या शेअरात,
तिसऱ्या दिवाळीला म्हणाले, मी मुळात लाँग टर्मवाला.
हसलं नाही कुणी.
सगळेच कधी ना कधी असे लाँग टर्म झालेले.

मुनीरभाई पडेल तसं अ‍ॅव्हरेज करतात.
पेखळ्यांचा नातू एक्स्पायरीला कॉलेज बुडवून येतो,
दोन रुपयांचा हिरो-झिरो घेतो,
सव्वातीनला झिरो घेऊन वडापाव खायला जातो.
त्यानेच मला थेटा समजावला:
काका, काही झालं नाही तरी रोज थोडं थोडं झिजतं,
शनिवार-रविवारसुद्धा.
मला वाटलं, हे पेन्शनरांसाठीच काढलेलं दिसतंय.

छत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये होतो, इथेच, नाशिकरोडला.
नोटांची प्रेस म्हटलं की लोक आधी खिशाकडे बघतात.
मी छापत नव्हतो. मोजत होतो.
आमच्यात मार्जिन म्हणजे कागदाची पांढरी कड,
कापून, मोजून, सही घेऊन जाळायला द्यायची.
इथे मार्जिन म्हणजे धात्रकचा सकाळचा फोन,
काका, दुपारपर्यंत टाका, नाहीतर सिस्टिम कापेल.
कापतात दोन्हीकडे, एवढं लगेच समजलं.
पण शॉर्ट?
इथे शॉर्ट म्हणजे हातात नसलेलं विकणं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटला.

आमच्यात शॉर्ट हा शब्द वर्षातून एखाद्या वेळी यायचा,
आणि तो आला की गेट बंद व्हायचं.

एकोणनव्वद साली एक ताव शॉर्ट आला.
एकच.
शिंत्रे साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
आम्ही कचऱ्याचे डबे उपडे केले,
मशीनखाली बॅटरी मारून पोटावर सरपटलो,
एकमेकांच्या डोळ्यांत बघणं टाळलं.
वाघचौऱ्याचं पोर तापाने फणफणलेलं होतं घरी,
तोही बसून राहिला.
रात्री अकराला सापडला.
शाई ओली होती,
दुसऱ्या तावाच्या पाठीला चिकटून बसला होता.
टाळ्या नाहीत, काही नाही.
कुणीतरी म्हणालं, टॅली.
गेट उघडलं.

आज माझा आकडा लाल आहे,
एक लाख बेचाळीस हजार आणि वर काहीतरी.
धात्रकने चहा मागवला. म्हणाला,
काका, विकलं नाही तोवर तोटा नाही.
हा नुसता कागदी तोटा.

नुसता.

मी कप खाली ठेवला.
याला सांगावं वाटलं, बाबा रे,
कागदी तोट्यापायी दोनशे माणसं
रात्री अकरापर्यंत घरी गेली नव्हती.
पण तो चांगला पोरगा आहे,
आणि त्याचाही आकडा लालच होता, बाजूच्या स्क्रीनवर,
माझ्यापेक्षा दोन अंकांनी लांब.

जेलरोडला घरी आलो. शालन मेथी निवडत होती.
काय म्हणतोय तुमचा बाजार?
साइडवेज, मी म्हटलं.
म्हणजे किती गेले?

चपला काढता काढता मी शब्द शोधत राहिलो,
तिकडचा एखादा, मऊसा.
मग आमचाच सापडला.
म्हटलं, टॅली नाही अजून.

तिने काड्या बाजूला सारल्या.
मग हात धुऊन जेवायला बसा, म्हणाली.
गेट थोडंच बंद केलंय कुणी.